चौदा घरांचा निष्कर्ष

चिगुसाच्या निबंधात सगळं काही होतं. प्रस्तावना होती, आधीच्या विद्वानांनी काय काय म्हणून ठेवलंय त्याचा आढावा होता, सहा तक्ते होते, नऊ आलेख होते, आणि इंग्रजीही असं की वाचणाऱ्यानं मध्येमध्ये मान डोलवावी. फक्त निष्कर्ष नव्हता. म्हणजे होता, पण जपून लपवून ठेवलेल्या किल्लीसारखा होता. ज्याचा त्याला सोडून बाकी कुणाला सापडला असता तर शपथ.

निबंधाचा विषय असा: कचरा टाकायच्या जागेवर पिवळी जाळी पांघरली तर कावळे येत नाहीत, हे खरं की खोटं? या विषयाला ज्यांना हसू येतंय त्यांनी जपानात किनोसाकाच्या चढावर एक आठवडा राहून दाखवावं. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी जळाऊ कचऱ्याच्या पिशव्या बाहेर पडतात, आणि डोंगरावरचे कावळे, ज्यांना कोणी वेळापत्रक दिलेलं नाही, ते नेमके मंगळवारी आणि शुक्रवारीच उतरतात. मग तुम्ही काल मासा खाल्लात की नुसत्याच नूडल्स उकळून भागवलंत, हे अख्ख्या गल्लीला रस्त्यावर मांडलेलं दिसतं. अब्रूचा प्रश्न आहे तो. विज्ञानानं त्यात लक्ष घालायलाच हवं होतं.

तर चिगुसानं वर्षभर वसाहतीतल्या सहाही कचरा-थांब्यांवर कधी पिवळी, कधी निळी जाळी टाकून, सकाळी आठच्या ठोक्याला फुटक्या पिशव्या मोजल्या. एका हातात वही, दुसऱ्या हातात तीन वर्षांची सुझु. सुझुला पाळणाघरात सोडायची वाट तीच होती, त्यामुळे विज्ञान आणि मातृत्व एकाच रस्त्यानं, एकाच छत्रीखाली चालले.

आणि ज्या दिवशी निबंध इंग्रजी शोधपत्रिकेकडून परत आला त्या दिवशी त्याच्याबरोबर दोन परीक्षकांची पत्रं आली. पहिले परीक्षक देवमाणूस. त्यांनी दोन स्वल्पविराम मागितले होते. दुसऱ्यांनी लिहिलं होतं: “मी एकोणीस पानं आवडीनं वाचली आणि आता निष्कर्षाची वाट पाहतो आहे. इंग्रजी शास्त्रीय लेखनात निष्कर्षाला हात घालण्यापूर्वी तशी वर्दी देण्याची पद्धत आहे. योग्य शब्दप्रयोग वापरून ती द्यावी, म्हणजे मुक्काम आला हे वाचकाला कळेल. तसंच, पहिल्या थांब्यावर कुठल्याही रंगाच्या जाळीखाली पिशव्या फुटत नाहीत, याचा उलगडा करावा.” मुदत दहा दिवस.

“निष्कर्षाची वाट पाहतो आहे म्हणजे काय!” चिगुसा जेवणाच्या टेबलाशी फणफणली. “शेवटच्या परिच्छेदात दिलाय की!”

तिचा नवरा यासुताका न्हाणीघराचे टब विकणाऱ्या कंपनीत होता आणि स्वभावानं कोमट होता. “वाच बघू,” तो म्हणाला.

तिनं वाचलं: “पिवळ्या जाळीची उपयुक्तता काही परिस्थितींत काहीशी मर्यादित असण्याची शक्यता अगदीच नाकारता येईल, असं वाटत नाही.”

यासुताकानं चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. “म्हणजे जाळीनं काही होत नाही.”

“हो ना! तुला कळलं की नाही?”

“मला कळणारच. मी इथला आहे.”

हे वाक्य लिहायला चिगुसाला चार दिवस लागले होते. तिच्या प्राध्यापकांना ते तरीही जरा उद्धट वाटलं होतं आणि त्यांनी सुरुवातीला एक ‘कदाचित’ घालायला सुचवलं होतं. पण एवढी सगळी उशा-पांघरुणं घालून निष्कर्षाला झोपवण्यामागे नुसती रीतभात नव्हती. त्यामागे एक माणूस होता, आणि तो माणूस चार दारं सोडून राहत होता.

इनोकुमा-सान. वसाहत मंडळाचे अध्यक्ष, वय पंचाहत्तर. आयुष्यभर पोस्टात पत्रं वर्गवार लावलेला हा गृहस्थ. निवृत्तीनंतर त्याच निष्ठेनं कचरा वर्गवार लावत होता. पिवळी जाळी हे त्यांचं अपत्य. कावळ्याला पिवळ्यातून आरपार दिसत नाही असं त्यांनी कुठंतरी ऐकलं, मंडळाच्या सभेत तासभर भाषण केलं, आणि सहाही थांब्यांना जाळ्या आणवल्या. वर्षभर चिगुसाला त्यांनी कोण मदत केली! सुझुला ताप आला तेव्हा आपल्या दारापुढचा पहिला धरून सहाही थांबे फिरून त्यांनीच फुटक्या पिशव्या मोजल्या आणि पोस्टातल्या अक्षरात आकडे लिहून आणून दिले. भेटले की विचारायचे, “काय मग, आमची जाळी इंग्रजीत कधी जाणार?” सुझु त्यांना ‘कावळेआजोबा’ म्हणायची. अशा माणसाच्या तोंडावर ‘तुमची जाळी कुचकामी आहे’ असं म्हणायचं, आणि तेही वर्दी देऊन?

पण न म्हणून चालण्यासारखंही नव्हतं. चिगुसा गावातल्या छोट्या महाविद्यालयात कंत्राटावर शिकवत होती. मार्चअखेर इंग्रजीतला एक निबंध छापायला मंजूर झाला तर पुढची तीन वर्षं पक्की, नाहीतर एप्रिलपासून घरी. आणि घरी बसलेल्या आईच्या मुलीला सरकारी पाळणाघरात जागा नसते. सुझुचं तिथं सगळं जग होतं: भोपळ्याचं चित्र चिकटवलेला तिचा कप्पा, दुपारच्या झोपेची पिवळी गादी, आणि रोज बुटांची अदलाबदल करणारी एक जिवलग मैत्रीण. म्हणजे हिशेब सरळ होता. निष्कर्ष नाही तर निबंध नाही, निबंध नाही तर नोकरी नाही, नोकरी नाही तर भोपळ्याचा कप्पा नाही.

नगरपालिकेच्या पाळणाघर खिडकीवर तिनं हे सगळं समजावून सांगायचा प्रयत्न केला. अर्जात एप्रिलपासूनच्या नोकरीसमोर दोन शब्द छापलेले होते, ‘आहे’ आणि ‘नाही’, आणि त्यातल्या एकाभोवती गोल करायचा होता.

“चालू राहण्याची शक्यता नाहीच असं काही म्हणता येणार नाही,” चिगुसा म्हणाली.

खिडकीतल्या तरुणीनं तीनदा वाकून क्षमा मागितली. “खरंच क्षमा करा हं. पण या चौकटीत एकच गोल बसतो.”

चिगुसानं दोन्ही शब्दांच्या मधोमध एक छोटासा गोल काढून पाहिला. तरुणीनं पुन्हा तीनदा वाकून नवा फॉर्म दिला. महिनाअखेरीपर्यंत मुदत होती.

एकूण काय, सगळं जगच चिगुसाकडे निष्कर्ष मागायला उठलं होतं.

तिनं सरळ विचार केला. आधी वर्दी तर ठरवू, मग आत काय ते बघू. माणूस घर बांधताना आधी दाराची मूठ निवडतो तसं.

सल्ल्यासाठी ती शेजारच्या त्सुबोइ बाईंकडे गेली. त्सुबोइ बाईंनी घराच्या पुढच्या खोलीत तीस वर्षं इंग्रजीची शिकवणी चालवली होती. किनोसाकातला जो कुणी माणूस परीक्षेत पास झालेला आहे, तो त्या खोलीतून रांगत गेलेला आहे.

“इन कन्क्लूजन,” त्सुबोइ बाई म्हणाल्या. तोंडातला आंबवलेला मुळा संपायचीसुद्धा त्यांनी वाट पाहिली नाही.

“पण परीक्षक म्हणतात ‘योग्य’ शब्दप्रयोग. दुसरेही असतील ना?”

“असतील. चीजसुद्धा असतं जगात. म्हणून काय मिसो-सूपात टाकायचं? ‘इन कन्क्लूजन’, मग स्वल्पविराम. मी एकशे ऐंशी मुलांना हेच दिलं, एकाचाही गुण गेला नाही. अगं, हे दोन शब्द लिहिले की तपासणाऱ्याचा हात आपोआप सैल होतो. पुढचं कोणी वाचत नाही.”

नेमकं पुढचं कोणीतरी वाचणार होतं, हीच तर अडचण होती.

मग वरच्या वळणावरचे उदो-सान भेटले. हे एकेकाळी बोल्ट-नट परदेशी पाठवणाऱ्या कंपनीत पत्रव्यवहार सांभाळत. इंग्रजी म्हटलं की त्यांचा कणा ताठ व्हायचा. “चिगुसा-सान, शेवट कसा करायचा ते मला विचारा. मी चौतीस वर्षं फक्त शेवटच केले आहेत. ‘आपल्या त्वरित उत्तराच्या प्रतीक्षेत.’ यावर मँचेस्टरहूनसुद्धा उत्तर यायचं!”

“हो, पण मी बोल्ट विकत नाहीये, उदो-सान.”

“हे तुम्ही त्यांना कळवू नका,” उदो-सान हळूच म्हणाले.

चिगुसानं घरी येऊन एक तक्ता केला. डावीकडे अकरा शब्दप्रयोग एकाखाली एक: ‘इन कन्क्लूजन’ होतं, ‘देअरफोर’ होतं, ‘थोडक्यात सांगायचं तर’ या चालीचं ‘टू सम अप’ होतं, सगळे पुरावे गोळा करून मूठ आवळल्यासारखं वाटणारं ‘टेकन टुगेदर’ होतं. उजवीकडे प्रत्येकासमोर एक रिकामी चौकट, गुण द्यायला. आणि पानाच्या तळाशी, फक्त आपल्या स्वतःला समजावं म्हणून, तिनं निष्कर्ष पहिल्यांदाच उघडाबोडका लिहिला. जपानीत लिहिला, कारण उघडं व्हायचं तर आपल्याच घरात व्हावं. ‘पिवळ्या जाळीनं काही होत नाही. कावळे ती चोचीनं उचलतात आणि खालून आत जातात.’

लिहून तिला इतकं हलकं वाटलं की ती उठून भांडी घासायला लागली.

आता इथं फिरत्या पाटीबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. प्रत्येक गल्लीत असते तशी किनोसाकाच्या तिसऱ्या गल्लीतही एक आहे. हिरव्या पुठ्ठ्याची, वर चाप, चापात सूचनांचे कागद. ती अध्यक्षांच्या घरून निघते आणि चौदाही घरं फिरून अध्यक्षांकडे परत येते. आपल्याकडे आली की वाचायची, आपल्या नावासमोरच्या चौकटीत घरच्या आडनावाचा शिक्का, म्हणजे इथली सही, मारायचा, आणि पुढच्या घराच्या फाटकाला अडकवायची. ती घरात ठेवून घेणं म्हणजे दुसऱ्याची चप्पल घालून घरी येण्यासारखं. चिगुसाचं घर चौथं. त्या मंगळवारी पाटीत गटारं साफ करण्याची आणि भूकंपाच्या सरावाची सूचना होती. पाटी टेबलावर होती, तक्ता टेबलावर होता, सुझु टेबलाखाली रडत होती कारण तिच्या मोज्याला ‘दोन टाचा’ होत्या, आणि आठ वाजायला चार मिनिटं होती. चिगुसानं शिक्का मारला, कागद गोळा केले, चाप लावला, आणि जाता जाता पाटी त्सुबोइ बाईंच्या फाटकाला अडकवली.

गुरुवारी सकाळी ती तक्ता शोधायला लागली.

तिनं टेबल शोधलं, टेबलाखाली शोधलं, तांदळाच्या डब्यात शोधलं, कारण एकदा गाडीची किल्ली तिथं सापडली होती. मग दारावरची घंटा वाजली आणि त्सुबोइ बाई प्रसन्न मुद्रेनं आत आल्या.

“फार चांगली कल्पना हो, चिगुसा-सान. असं सगळ्यांना विचारून करणं. मी माझा शिक्का दिलाय. कुठं दिला ते सांगायला नको.”

“कसला शिक्का?” चिगुसानं विचारलं. पण विचारता विचारताच तिला आठवलं, मंगळवारी पाटी आणि तक्ता एकाच टेबलावर होते.

किनोसाकाच्या लोकांना दोष देता येणार नाही. फिरत्या पाटीत कागद आला, कागदावर रिकाम्या चौकटी आल्या, म्हणजे शिक्का मारायचा. इथं लहानपणापासून तेच शिकवलं जातं. मंडळानं यंदा काय काढलंय कोण जाणे, असं मनाशी म्हणून लोकांनी इंग्रजी शब्द वाचले, त्सुबोइ बाईंच्या खोलीतलं जे आठवलं ते आठवलं, आणि शिक्का मारला.

“आणि... खालचं?” चिगुसानं कसंबसं विचारलं. “खाली जे लिहिलंय ते?”

त्सुबोइ बाई छताकडे बघू लागल्या. “खाली काही होतं का? माझा चष्मा हल्ली वरचंच दाखवतो.” आणि जाता जाता, चपला पायात सरकवताना, “स्वल्पविराम मात्र विसरू नका हं.”

म्हणजे वाचलं होतं. सगळ्यांनी वाचलं होतं. त्या दिवशी महाविद्यालयात जाताना तिला तिघं भेटले. एकानं ‘देअरफोर’चे गुण गायले. दुसऱ्यानं आपल्या भाच्याला विचारून सांगतो म्हटलं, भाचा कॅनडात आहे. तिसरीनं नुसताच तिचा दंड दाबला आणि “जपून हं,” एवढंच म्हणाली, जशी काही चिगुसा ऑपरेशनला निघाली होती. जाळीबद्दल एक चकार शब्द कुणी काढला नाही. आणि शब्द निघत नाही याचा अर्थ काय असतो ते चिगुसाला पक्कं ठाऊक होतं. तिनं स्वतः असं एकोणीस पानं लिहिलं होतं.

पाटी अजून फिरत होती. शेवटी ती कुणाच्या हातात जाणार, हेही ठरलेलं होतं.

दुपारी चिगुसानं वर्ग लवकर सोडला, सुझुला उचललं, संत्र्यांची एक पिशवी घेतली आणि पाटीच्या मागावर निघाली. आता ‘पाटी परत द्या’ असं सरळ म्हणणं अशक्य. पाटी पुढंच जाते, मागे येत नाही. मागे आणणं म्हणजे वाहत्या रस्त्यावर उलटं चालणं. म्हणून प्रत्येक दारात संत्री द्यायची, थंडीबद्दल बोलायचं, आणि सहज आठवल्यासारखं विचारायचं, “पाटी आली होती का हो?”

उदो-सानांकडे बार्लीचा चहा घ्यावा लागला. “तुमच्या यादीत माझं वाक्य राहून गेलं होतं,” ते म्हणाले. “मी हातानं लिहून दिलंय. शेवटी चौकटही काढली आणि शिक्काही मारला. काही आभार वगैरे नकोत.”

“पाटी कुठाय, उदो-सान?”

“ती केव्हाच गेली! माझ्याकडे पाटी तासाभराच्या वर राहत नाही. पोस्टसुद्धा इतकं झटपट नव्हतं. इनोकुमा-सानांसमोर म्हणू नका हे.”

दहाव्या घरी पाटी सकाळी गेली होती. बाराव्या घरी दुपारी गेली होती. किनोसाकात पाटी इतक्या वेगानं कधी फिरली नव्हती. एरवी गटाराची सूचना तीन-तीन दिवस एकेका घरी मुक्काम करते. चौदाव्या घरी ओमोतो आजी. “आत्ताच अध्यक्षांच्या फाटकाला लावून आले बघ,” त्या म्हणाल्या आणि संत्री घेतली. “तुझं इंग्रजी छान आहे गं. मला एक अक्षर कळलं नाही. जपानी मात्र कळलं.” मग बराच वेळ चिगुसाचा हात हातात धरून त्या म्हणाल्या, “थंडी फार आहे नाही?”

इनोकुमा-सानांच्या फाटकाला हिरवी पाटी लटकत होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. चिगुसानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. नुसता चाप दाबायचा, एक कागद ओढायचा, आणि चालू लागायचं. पदवीधर बाई, एका मुलीची आई, महाविद्यालयात संशोधनाची नीतिमत्ता हा विषय शिकवणारी. तिनं हात पुढे केला.

“आई,” सुझुनं खणखणीत आवाजात विचारलं, “आपण चोरी करतोय का?”

दार उघडलं.

“अरे, चिगुसा-सान!” इनोकुमा-सान उंबऱ्यात उभे होते.

“पाटी... वाकडी लटकली होती,” चिगुसा म्हणाली आणि तिनं पाटी सरळ केली. ती मुळातच सरळ होती, त्यामुळे आता वाकडी झाली.

“कावळेआजोबा, हे घ्या संत्रं,” सुझु म्हणाली. पिशवीत शेवटचं एक उरलं होतं.

इनोकुमा-सानांनी संत्रं घेतलं, पाटी घेतली, दोन्हीसाठी वाकून आभार मानले. “उद्या शुक्रवार,” ते म्हणाले. “कचऱ्याचा दिवस. भेट होईलच.” आणि दार लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाट झाल्या झाल्या चिगुसानं कचऱ्याची पिशवी उचलली. हे काम यासुताकाचं. लग्नाच्या आधी ठरलेली ती एकमेव गोष्ट होती.

“मी नेते,” ती म्हणाली. “मला त्यांची क्षमा मागायचीय.”

“छत्री ने,” यासुताका पांघरुणातून म्हणाला.

“पाऊस नाहीये.”

“पावसासाठी नाही.”

पहिल्या थांब्यापाशी ती पोचली आणि थबकली. पिवळ्या जाळीच्या शेजारी, कानटोपी घालून, हातात बांबूचा लांब झाडू घेऊन इनोकुमा-सान उभे होते. तारेवर सात कावळे बसले होते. एक खाली झेपावला. “हाड!” इनोकुमा-सान गरजले आणि झाडू असा फिरवला की चिगुसा दोन पावलं मागे सरकली. दुसरा कावळा मागच्या बाजूनं टुणटुणत आला आणि जाळीचा काठ चोचीत धरून उचलू लागला. तक्ता क्रमांक चारमध्ये वर्णन केलं होतं, अगदी तस्साच. इनोकुमा-सान पंचाहत्तर वर्षांचे पाय घेऊन जाळीला वळसा घालून धावले.

मग त्यांना चिगुसा दिसली. त्यांनी झाडू पाठीमागे लपवला. झाडू सहा फुटी होता.

“तुम्ही दर कचऱ्याच्या दिवशी...?” चिगुसानं झाडूच्या टोकाकडे बोट दाखवलं.

“सहा ते पावणेआठ,” ते ओशाळून म्हणाले. “तुम्ही आठला मोजायला येता, त्याआधी आत जातो. शास्त्रात आपली ढवळाढवळ नको म्हणून.”

चिगुसाच्या डोळ्यांसमोरून एक आलेख गेला. वर्षभर पहिल्या थांब्याची रेघ तळाला झोपून होती आणि ती त्याला ‘स्थानिक घटक’ म्हणत आली होती. स्थानिक घटकानं आत्ता नाक पुसलं.

“इनोकुमा-सान, तो कागद... मला असं नव्हतं हो सांगायचं. जाळीचं—”

“चिगुसा-सान,” ते म्हणाले, “जाळीनं काम होत असतं तर मी या थंडीत अंथरुणात नसतो का?”

चिगुसानं हातातली पिशवी जाळीखाली सरकवली. कावळे त्यांच्याकडे बघत होते.

“पहिल्याच महिन्यात कळलं मला,” इनोकुमा-सान म्हणाले. “पण तासभर भाषण ठोकलं होतं ना सभेत. मग म्हटलं, निदान माझ्या दारापुढे तरी जाळी चालली पाहिजे. वाटलं होतं, तुम्ही शोधून काढाल आणि एकदाचं म्हणून टाकाल. वर्षभर वाट बघतोय. तुमचा तो शेवटचा परिच्छेद दाखवला होतात मला जपानीत, आठवतं? घरी जाऊन तीनदा वाचला. म्हटलं, पोरगी माझी अब्रू झाकतेय. मग मी तरी कशी सोडू? मंगळवार-शुक्रवार झाडू घेऊन उभा.”

त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. ‘इन कन्क्लूजन’समोर सहा शिक्के. ‘देअरफोर’ला दोन. ‘टू सम अप’ला थरथरत्या हातानं मारलेला एक, तो ओमोतो आजींचा. आणि बोल्ट-नटांच्या वळणदार अक्षरात लिहिलेली उदो-सानांची स्वतंत्र चौकट. इनोकुमा-सानांचा शिक्का मात्र यातल्या कुठल्याच चौकटीत नव्हता. तो तळाशी होता, ‘पिवळ्या जाळीनं काही होत नाही’च्या अगदी शेजारी. लाल, ठसठशीत, पोस्टात मारतात तसा दाबून मारलेला.

“मला इंग्रजी येत नाही,” ते म्हणाले. “म्हणून जे वाचता आलं त्यालाच शिक्का दिला.”

चिगुसानं कागदाची पुन्हा घडी केली. “मी तुमच्याबद्दल लिहिलं तर चालेल? पहिल्या थांब्याबद्दल? परीक्षकांना उत्तर द्यायचंय.”

“नाव नको. ‘एक वृद्ध’ लिहा.” त्यांनी क्षणभर विचार केला. “वृद्ध नको. ‘एक व्यक्ती’.”

घरी येऊन तिनं यासुताकाला उठवलं. “तुला माहीत होतं ते दर कचऱ्याच्या दिवशी उभे असतात?”

“अख्ख्या गल्लीला माहीत आहे. झाडू घेऊन.”

“मग बोलला का नाहीस? वर्षभर मी त्याच थांब्यावर डोकं आपटतेय!”

“तू फुटक्या पिशव्या मोजत होतीस. माणसं मोजतेस असं कधी म्हणाली नाहीस.”

आणि सुझु उशीत तोंड खुपसून खिदळत होती. बाबांबरोबर कचरा टाकायला जाताना तिनं तो झाडू कितीदा पाहिला होता. तीन वर्षांच्या मुलीनं त्या माणसाचं नावच ‘कावळेआजोबा’ ठेवलं होतं. संशोधनाचं फलित रोज टेबलाशी बसून भात मागत होतं, आणि आई मात्र संदर्भग्रंथ चाळत होती.

चिगुसानं शेवटचा परिच्छेद वीस मिनिटांत लिहिला. वर्दी म्हणून लोकमताचा मान राखून ‘इन कन्क्लूजन’, स्वल्पविरामासकट. पुढे दोन वाक्यं: पिवळ्या जाळीनं काही होत नाही. पहिल्या थांब्यावर पिशव्या फुटल्या नाहीत, कारण तिथं दर कचऱ्याच्या दिवशी पावणेदोन तास एक व्यक्ती उभी होती.

आठ दिवसांनी उत्तर आलं. निबंध मंजूर. दुसऱ्या परीक्षकांनी एकच बारीक सूचना केली होती: “निष्कर्ष आता इतका स्वच्छ आहे की त्याआधीच्या वर्दीची गरज भासत नाही. ते दोन शब्द काढले तरी चालतील.”

चिगुसानं ते काढले नाहीत. त्सुबोइ बाईंना तोंड दाखवायचं होतं. तिनं नगरपालिकेत जाऊन ‘आहे’भोवती असा गोल काढला की खिडकीतली तरुणी न वाकताच हसली, आणि सुझुनं भोपळ्याच्या कप्प्यात एक संत्रं ठेवून दिलं. ते मे महिन्यात वासावरून सापडलं.

एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी फिरती पाटी आली. चापात अध्यक्षांची सूचना होती, पोस्टातल्या अक्षरात:

‘अलीकडे झालेल्या काही अभ्यासाचा विचार करता, वसाहतीतील जाळ्यांच्या उपयोगाबाबत काहीशा वेगळ्या दृष्टीनं पाहण्याची वेळ कधीतरी येऊ शकेल, असं म्हणण्यास अगदीच जागा नाही असं नव्हे.’

चिगुसानं वाचलं, शिक्का मारला, कागद दोनदा तपासून चाप लावला आणि पाटी पुढच्या फाटकाला अडकवली. कुणीही कुणालाही काही विचारलं नाही. शुक्रवारी सकाळी सहाही थांब्यांवरच्या जाळ्या निघालेल्या होत्या, आणि सहाही थांब्यांवर एकेक माणूस उभा होता. उदो-सान ताठ कण्यानं, त्सुबोइ बाई पट्टी घेऊन, ओमोतो आजी घडीच्या खुर्चीवर पातेलं आणि डाव घेऊन, चौथ्या थांब्यावर कोमट चेहऱ्याचा यासुताका.

पहिल्या थांब्यावर चिगुसा होती, तिच्या खांद्यावर सुझु, सुझुच्या हातात सहा फुटी झाडू.

“हाड!” सुझु गरजली.

इनोकुमा-सानांच्या खिडकीचा पडदा अजून ओढलेलाच होता. पंधरा महिन्यांत पहिल्यांदाच ते कचऱ्याच्या सकाळी झोपले होते.